धडधड चालू असतानाची पट्टी

छातीत वरचेवर दुखतं, मधूनच काळीज धडधडायला लागतं आणि कारण काही सापडत नाही, अशी तक्रार घेऊन देगलूर, मुखेड, किनवट, उदगीर, निलंगा या तालुक्यांतली माणसं आधी नांदेड किंवा लातूर गाठतात. तिथं समाधान झालं नाही की सोलापूर, हैदराबाद, पुणे करतात. बरोबर फाईल असते. फाईलीत चार-पाच ईसीजी, दोन टूडी इको, एखादी टीएमटी, क्वचित अँजिओग्राफीची सीडी, आणि प्रत्येकावर ‘नॉर्मल’ असा शेरा. एक गोष्ट मात्र या फायलींत बहुधा नसते, ती म्हणजे धडधड प्रत्यक्ष चालू असताना काढलेला ईसीजी. बिलोलीत पहाटे चार वाजता सुरू झालेली धडधड हैदराबादच्या ओपीडीत दुपारी नंबर लागेपर्यंत कधीच थांबलेली असते. डॉक्टर शांत झालेलं हृदय तपासतात आणि ते शांत आहे असं लिहून देतात. त्यात त्यांची चूक नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या दुखण्यात सर्वांत जास्त माहिती देणारी तपासणी सर्वांत स्वस्त आहे, ती तालुक्याच्या गावी होऊ शकते, आणि ती केव्हा करायची हे डॉक्टरपेक्षा रुग्णाच्याच हातात जास्त असतं.

पण त्याआधी अपवाद सांगितला पाहिजे, कारण तो विसरला तर बाकीचा लेख वाचण्यात अर्थ नाही. छातीच्या मध्यभागी दडपून आल्यासारखं दुखणं पंधरा-वीस मिनिटांत उतरत नाही, ते हातात, जबड्यात किंवा पाठीत सरकतं, दरदरून घाम फुटतो, दम लागतो, माणूस घेरी येऊन पडतो, किंवा नाडी दीडशेच्या वर जाऊन तिथंच राहते, अशा वेळी नोंदी करत बसायचं नाही. १०८ ला फोन लावायचा. बाळंतपण, ऑपरेशन किंवा दीर्घ अंथरुणानंतर अचानक दम लागून धडधड सुरू झाली, एका पायाला सूज आली, तरी तेच करायचं, कारण फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. वर्षानुवर्षं छाती दुखणाऱ्या माणसाला हार्ट अटॅक येत नाही असा काही नियम नाही, आणि ‘हे माझं नेहमीचंच’ या समजुतीनं उशीर होतो. नेहमीपेक्षा वेगळं काही जाणवलं की ते नवं दुखणं समजायचं. वय कमी आहे यावरही विसंबू नये. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या हार्ट अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियातल्या लोकांत ५३ निघालं, इतरत्र ते जवळपास ५९ होतं. मधुमेह असलेल्यांत आणि बायकांत दुखणं ठळक नसताना नुसता थकवा, मळमळ, दम एवढ्यावरच अटॅक येऊन जातो. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे घरातल्या कुणाची तरी सॉर्बिट्रेटची गोळी छाती दुखली की जिभेखाली ठेवण्याची पद्धत पडली आहे. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, रक्तदाब उतरवते आणि तो सावरण्यासाठी हृदय आणखी वेगानं धावू लागतं. ज्याची तक्रारच धडधडीची आहे त्यानं दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची ही गोळी घेऊ नये.

आता जे तातडीचं नाही त्याकडे वळू. ‘कारण सापडलं नाही’ याचा अर्थ आपल्या भागात पुष्कळदा ‘कारण शोधलं नाही’ असाच निघतो. अँजिओग्राफी झालेली असते, पण हिमोग्लोबिन दोन वर्षांत पाहिलेलं नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता, म्हणजे परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. रक्त कमी असलं की तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. जिना चढताना, पाण्याचा हंडा उचलताना धडधडणं, छाती भरून येणं हे त्यातून सरळ घडतं. दुसरं थायरॉईड. टीएसएच ही एक तपासणी कित्येकांचा पुढचा प्रवास वाचवते. तिसरं, लहानपणी सांधे सुजून ताप येऊन गेल्यानंतर झडपांवर राहिलेला संधिवाताचा परिणाम. हा आजार अजून आपल्याकडून गेलेला नाही, आणि तरुण बाईला तो पहिल्यांदा गरोदरपणात धडधड व दम म्हणून कळतो. त्यासाठी एक नीट केलेला इको हवा. संध्याकाळचा बारीक ताप, खोकला, वजन उतरणं असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी हवी. आणि चौथं कारण घरातच असतं: दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, गरजेपेक्षा जास्त थायरॉईडची गोळी, बीपीची चालू गोळी मनानं बंद करणं, वजन उतरवण्याच्या पावडरी, आणि तंबाखू. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो कुठं मिळतो हे वाचकांना सांगायला नको. निकोटीन नाडी वाढवतं, यात वादाला जागा नाही. चहाच्या बाबतीत मी इतका कडक होणार नाही. नेहमीच्या दोन-तीन कपांनी धडधड होतेच असं नाही. ज्याला शंका आहे त्यानं आठ दिवस बंद करून पाहावं आणि फरक नसेल तर निमूटपणे पुन्हा प्यावा.

एवढं पाहून झालं, सगळं ठीक निघालं, तरी धडधड येतेच आहे. इथून पुढं माझा मूळ मुद्दा सुरू होतो. हृदय वेगानं चालण्याचे दोन निराळे प्रकार आहेत आणि बाहेरून ते सारखे वाटतात. पहिल्यात हृदयाचा नेहमीचा ठेका धरणारा भाग, सायनस नोड, तोच घाईत येतो. वेग हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. दुसऱ्यात विजेचा प्रवाह हृदयातल्या एका जादा वाटेनं गोल गोल फिरू लागतो. एका क्षणी नाडी ८० असते, पुढच्या क्षणी १८०, आणि थांबतानाही तशीच एकदम थांबते. याला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात. तिसराही प्रकार आहे, ज्यात ठोक्यांना काही ठेकाच उरत नाही. झडपेचा आजार असलेल्यांत आणि वयस्कांत तो दिसतो, आणि त्यातून पक्षाघाताचा धोका असतो म्हणून तो ओळखणं फार महत्त्वाचं. या प्रकारांचे उपचार एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. एसव्हीटीची जादा वाट कॅथेटरनं जाळून टाकता येते आणि बहुतेकांचा आजार कायमचा जातो. सायनस नोडच घाईत असेल तर जाळण्यासारखं तिथं काही नसतं. आणि हा फरक धडधड थांबल्यावर काढलेल्या ईसीजीत बहुतेक वेळा दिसतच नाही. काही जणांत जादा वाटेची खूण शांत ईसीजीतही उमटते, पण सगळ्यांत नाही.

याचा पुरावा जुना आणि ठोस आहे. १९९६ साली वेबर आणि कपूर यांनी धडधडीची तक्रार असलेल्या १९० रुग्णांचा पाठपुरावा केला. ४३ टक्क्यांत कारण हृदयाचं निघालं, ३१ टक्क्यांत मनाचं, १० टक्क्यांत इतर, आणि १६ टक्क्यांत शेवटपर्यंत कारण कळलं नाही. म्हणजे कारण न कळणं ही खरीखुरी शक्यता आहे, पण ती सर्वांत मोठी शक्यता नाही. त्याहून अस्वस्थ करणारा अभ्यास १९९७ चा आहे. लेसमायर आणि सहकाऱ्यांनी एसव्हीटी सिद्ध झालेले १०७ रुग्ण घेतले आणि त्यांचा मागचा इतिहास तपासला. पैकी ५५ टक्क्यांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखलाच गेला नव्हता. ६७ टक्क्यांची लक्षणं ‘पॅनिक’ या मानसिक आजाराच्या व्याख्येत बसत होती. आणि ज्यांचा आजार निसटला त्यांतल्या बायकांना ‘हे भीतीमुळे होतं’ असं सांगितलं जाण्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट होतं. आपल्याकडे सुनेची छाती धडधडली की ‘टेन्शन घेते’ हे निदान डॉक्टरच्या आधी घरातच होतं. हा अभ्यास अमेरिकेतला असला तरी तो आपल्या ओसरीवर वाचून दाखवण्यासारखा आहे.

मग करायचं काय? धडधड सुरू झाली की वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसली तरीही, ती थांबण्याची वाट न पाहता जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचं, आणि दारातच सांगायचं की आत्ता धडधड चालू आहे, आधी ईसीजी काढा, केसपेपर नंतर करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशाचा अडसर नाही. ज्या खाजगी दवाखान्यात मशीन आहे तोही चालेल, एका ईसीजीचा खर्च हैदराबादच्या तिकिटाहून जास्त नसतो. पट्टी काढताना एक विनंती करावी: नेहमीच्या बारा भागांनंतर दुसऱ्या लीडची एक लांब पट्टी घ्या, आणि धडधड दवाखान्यातच थांबली तर थांबतानाची पट्टीही घ्या. वेग कसा सुटतो, यावरून तज्ज्ञाला पुष्कळ कळतं. पट्टीवर नाव, तारीख आणि वेळ असली पाहिजे. ईसीजीचा कागद उष्णतेनं उमटणारा असतो, काही वर्षांत पुसट होतो, म्हणून त्याच दिवशी मोबाईलवर फोटो आणि एक झेरॉक्स. ज्यांच्या घड्याळात ईसीजीची सोय आहे त्यांनी ती वापरावी. ठेका ओळखायला ती उपयोगी आहे, हार्ट अटॅक ओळखायला नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: गावच्या ईसीजीवर कोण विश्वास ठेवणार, आणि सरकारी दवाखान्यावर तर नकोच. हा अविश्वास हवेतून आलेला नाही. २०२३ चा सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ बालकं होती. नांदेडकर ते विसरलेले नाहीत, विसरूही नये. पण इथं मागणी उपचाराची नाही, एका नोंदीची आहे. मशीन किनवटचं असो की मुंबईचं, तारा नीट लावल्या तर रेषा त्याच उमटतात. ती वाचणारा तज्ज्ञ शंभर किलोमीटरवर असला तरी चालतो, आणि महिन्याभरानं वाचली तरी तिच्यातली माहिती तीच असते. धडधड तेवढी महिनाभर थांबत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: रात्री दोन वाजता मशीन असतं, माणूस नसतो. याला उत्तर एवढंच की हे आधी विचारून ठेवायचं असतं. आणि धडधड आठवड्यातून दोनदा-तीनदा येत असेल तर होल्टर लावून घ्यावा. तो चोवीस तास किंवा अधिक काळ प्रत्येक ठोका टिपतो. मात्र धडधड दोन महिन्यांतून एकदा येणाऱ्यानं एका दिवसाचा होल्टर लावला, तो कोरा आला आणि त्यावरून ‘काही नाही’ ठरवलं, तर पुन्हा तीच जुनी चूक झाली.

पट्टीच्या जोडीला वही. २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत घेतलेला ऑक्सिमीटर अजून पुष्कळ घरांत कपाटात पडून आहे. प्राणवायूच्या आकड्याशेजारी तो नाडीही दाखवतो. नसेल तर मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावं. नोंद लांबलचक नको: तारीख, वेळ, नाडी किती, धडधड एकदम आली की चढत गेली, ठेका सरळ होता की तुटक, आधी दुखलं की आधी धडधडलं, आणि त्या वेळी काय चाललं होतं. एक चाचणी घरीच करता येते. सकाळी दहा मिनिटं पडून राहायचं, नाडी मोजायची, मग भिंतीजवळ उभं राहायचं आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या मिनिटाला पुन्हा मोजायची. जवळ कुणीतरी हवं, कारण चक्कर येऊ शकते. रक्तदाब फारसा न उतरता दहा मिनिटांच्या आत नाडी ३० नं वाढली, किंवा १२ ते १९ वयाच्या मुलामुलींत ४० नं वाढली, आणि असं महिनोन्‌महिने होत असेल, तर डॉक्टर पॉट्स या विकाराचा विचार करतात. त्यात उभं राहिल्यावर पायांत उतरलेलं रक्त वर आणण्यात स्वयंचलित मज्जासंस्था कमी पडते. कोरोनानंतर असे रुग्ण जगभर वाढले. बसल्या जागी नाडी शंभराच्या वर आणि चोवीस तासांची सरासरी नव्वदच्या वर असेल, दुसरं कारण नसेल, तर त्याला निराळं नाव आणि निराळा उपचार आहे. म्हणजे ‘विनाकारण’ वाटणाऱ्या धडधडीलाही व्याख्या आहेत, आकडे आहेत. ते आकडे घेऊन गेलेल्या रुग्णाला दहा मिनिटांच्या ओपीडीत जास्त न्याय मिळतो.

सारखी नाडी मोजत बसलं तर भीती वाढणार नाही का? वाढेल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. नाडीवर बोट ठेवून बसलेल्या माणसाची नाडी तेवढ्यानंच चढते. म्हणून मोजणीला मुदत हवी: तीन-चार आठवडे, फक्त लक्षण आल्यावर आणि सकाळी एकदा. मुदत संपली की वही डॉक्टरकडे आणि ऑक्सिमीटर परत कपाटात. रात्री उठून घड्याळातला आकडा पाहणाऱ्यानं ते घड्याळ झोपताना काढून ठेवावं.

छातीच्या दुखण्याचा विचार मात्र स्वतंत्रपणे करायला हवा, आणि इथं रुग्ण आणि डॉक्टर दोघेही घाई करतात. धडधड आणि दुखणं एकाच माणसाला आहे म्हणजे दोन्हींचं कारण एकच, असं गृहीत धरलं जातं. वेग फार वाढला की छाती भरून येते, दुखते, हे खरं. म्हणून तर ‘आधी काय’ हा प्रश्न वहीत हवा. पण रोज दुखणारी, बोटानं दाबल्यावर नेमकी तिथंच कळ उठणारी, कुशीवर वळताना किंवा खोल श्वास घेताना चमक मारणारी छाती ही बहुधा बरगड्यांच्या कूर्चेची आणि स्नायूंची असते. सोयाबीनची पोती उचलणं, उसाच्या मोळ्या, दिवसभर शिवणयंत्रावर वाकणं, यांतून हे दुखणं येतं आणि महिनोन्‌महिने राहतं. शेक, आठवडाभर वजन न उचलणं, खांदे आणि पाठ यांचे व्यायाम यांवर ते ओसरतं. जेवल्यानंतर आडवं झाल्यावर जळजळत वर येणारं दुखणं अन्ननलिकेचं. त्यासाठी रात्रीचं जेवण लवकर, आणि ॲसिडिटीची गोळी काही आठवडे नियमानं घ्यावी लागते, अधूनमधून नाही. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून वर्षानुवर्षं खाऊ नयेत, त्यांनी जठर आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं मात्र हृदयाचंच समजून तपासावं. मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही बारीक रक्तवाहिन्यांमुळे असं दुखतं, विशेषतः स्त्रियांत. अँजिओग्राफी चांगली आली म्हणून ते खोटं ठरत नाही.

आता टेन्शनबद्दल. वर मी त्या शब्दाच्या घाईघाईच्या वापरावर टीका केली, पण त्याचा अर्थ मनाचा काही संबंध नाही असा घेऊ नये. या जिल्ह्यांनी तो संबंध जवळून पाहिलाय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर वाचलेल्या अनेकांची झोप आणि जिवाची शांतता गेली. त्यानंतर चारच महिन्यांच्या आत, १७ जानेवारी १९९४ ला, लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. तिथल्या नोंदींवरून निघालेला निष्कर्ष असा की एरवी रोज सरासरी पाचाच्या आत असलेले हृदयविकाराचे आकस्मिक मृत्यू त्या एका दिवशी २४ झाले. भीती हृदयापर्यंत पोचते ती ॲड्रेनालिनच्या रूपानं, आणि ॲड्रेनालिन हा रक्तात मोजता येणारा पदार्थ आहे. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांसाठी खोलीवर राहणाऱ्या, नीटच्या तोंडावर चार तास झोपणाऱ्या, जेवण टाळून एनर्जी ड्रिंकवर जागणाऱ्या मुलामुलींची धडधड याच वाटेनं येते, आणि ती शरीराचीच असते. म्हणून ‘मनाचं आहे’ याचा अर्थ ‘सोंग आहे’ असा घरच्यांनी घेऊ नये, आणि मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं म्हणजे आपल्याला वेड्यात काढलं असा रुग्णानंही घेऊ नये. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. क्रम तेवढा उलटा नको. पट्टी आधी, टेन्शनचं निदान नंतर.

पट्टी मिळाली, तीत नेहमीचाच ठेका वेगानं चाललेला दिसला, रक्त-थायरॉईड-इको ठीक आहेत. इथं ‘एकदा पुण्यात दाखवून घेऊ, एखादा ब्लॉक राहिला असेल’ ही इच्छा जोर करते. नातेवाईकांच्या प्रेमापोटीच ती येते. पण तपासण्यांनी धीर येतो ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. गंभीर आजाराची शक्यता मुळात कमी असलेल्या रुग्णांवरचे १४ प्रयोग, मिळून ३,८२८ रुग्ण, यांचा एकत्रित आढावा रॉल्फ आणि बर्टन यांनी २०१३ साली घेतला. आणखी तपासण्या केल्यानं आजाराची काळजी कमी झाली नाही, आणि लक्षणंही कमी झाली नाहीत. दुसरी अँजिओग्राफी काही देत नाही, पण मनगटात किंवा जांघेत सुई, डाय आणि किरणं यांची जोखीम मात्र पुन्हा घ्यावी लागते. त्यापेक्षा एकच डॉक्टर धरावा, जो तीन महिन्यांनी वही पाहील आणि लक्षण बदललं तरच नवी तपासणी सांगेल. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, विष्णुपुरी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, किंवा तुमच्या तालुक्याचा फिजिशियन, यांतला कुणीही चालेल. रोज बदलता कामा नये एवढंच.

उपचार कारणानुसार. एसव्हीटी सिद्ध झाला असेल तर डॉक्टरांकडून जोर करण्याची पद्धत शिकून घ्यावी: अर्धवट बसून पंधरा सेकंद दहा मिलीच्या सिरिंजमध्ये दट्ट्या हलेल इतकं फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी दोन्ही पाय वर धरायचे. २०१५ च्या ‘रिव्हर्ट’ चाचणीत या सुधारित पद्धतीनं ४३ टक्के लोकांची धडधड जागच्या जागी थांबली, जुन्या पद्धतीनं १७ टक्क्यांचीच. झटके वारंवार येत असतील तर जादा वाट जाळण्याचा सल्ला हृदयतज्ज्ञ देतात. त्याच्या खर्चासाठी महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावं. ही योजना जीवनदायी या नावानं २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होतं, तेव्हा इथल्या लोकांना ती नवी नाही. सायनस नोडच घाईत असेल तर बीटा ब्लॉकर किंवा इव्हाब्रॅडिन या गोळ्या वेग उतरवतात. पहिल्या गोळीआधी दमा असल्याचं सांगायलाच हवं, दुसरी गरोदरपणात चालत नाही, आणि दोन्ही मनानं सुरू किंवा बंद करायच्या नाहीत.

गोळ्यांइतकंच काम पाणी करतं. मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यात, जिथं २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं दुपारी रानात राबणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी होणं आणि नाडी चढणं हे वेगळं सांगायला नको. गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावल्यावर धडधड थांबत असेल तर ती खूण आहे: तुम्हाला पाण्या-मिठाची तूट पडते, आणि ती ताकानं, लिंबू-मिठाच्या पाण्यानं तोंडावाटेही भरून निघते. बीपी किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ डॉक्टरांना विचारूनच वाढवावं. निर्जळी उपवास आणि गोळी चुकवणं एकाच दिवशी होतं, तेही टाळावं. व्यायामाच्या बाबतीत लोक दोन टोकांना जातात. धडधडीच्या भीतीनं माणूस बसून राहतो, बसून राहिल्यानं हृदयाची सवय मोडते, आणि मग चार पावलं चाललं तरी ते धावतं. जोखमीचं काही नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावर चालणं दहा मिनिटांपासून वाढवत न्यावं. उभं राहिल्यावर त्रास होणाऱ्यांनी आडवं पडून पायांचे व्यायाम, मग सायकल, मग चालणं, असा क्रम ठेवावा. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात त्रास वाढल्यासारखा वाटतो. तिथं सोडून देणारेच जास्त असतात.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी या आठवड्यात एक काम करावं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दिवसा जाऊन ईसीजीचं मशीन चालू आहे का, रात्री ते कोण चालवतं, आणि ते बंद असेल तर तालुक्यात दुसरं कुठं आहे, हे विचारून यावं, आणि ते नाव व फोन नंबर रुग्णाच्या मोबाईलमध्ये १०८ च्या खाली लिहून ठेवावा.